घंटागाडीच्या टाकीत आपलाच ओला कचरा?

गोदाकाठ | सोमवार, रात्री १०:१२

माझा मावसभाऊ कॅलिफोर्नियात लिव्हरमोरला असतो. परवा व्हिडिओ कॉलवर बोलताना त्याच्या मागून कचऱ्याचा भलाथोरला ट्रक गेला. मी म्हटलं, एवढं धूड आणि आवाज इतकाच? तर म्हणाला, आमच्याकडचे ट्रक कचऱ्याच्याच गॅसवर चालतात. आधी वाटलं फेकतोय. मग रात्री बसून वाचलं.

त्यांच्या गावाजवळ आल्टामाँट नावाचा डेपो आहे. कचऱ्याचे थर दाबून, वर माती टाकून झाकलेला डोंगर. आत हवा नाही, त्यामुळे कुजताना मिथेन तयार होतो. डोंगरात भोकाभोकाचे पाइप उभे सोडायचे (त्याला गॅसची विहीरच म्हणतात), ब्लोअर लावून गॅस ओढायचा आणि शुद्ध करायचा. २००९ मध्ये वेस्ट मॅनेजमेंट आणि लिंडे या दोन कंपन्यांनी तिथे हा गॅस उणे १६२ अंशांपर्यंत गार करून द्रव करायचा कारखाना काढला. क्षमता दिवसाला १३,००० गॅलन, म्हणजे साधारण ४९,००० लिटर. जवळपास ३०० ट्रक भागतील एवढा.

आता माझा प्रश्न. नाशिकच्या पाथर्डी खतप्रकल्पावर आपल्या सगळ्या घंटागाड्या रोज जातातच. जिथे रिकाम्या होतात तिथेच टाकी भरून निघाल्या तर? घंटागाडीची कल्पनाच मुळी नाशिकने नव्वदीच्या दशकात सुरू केली असं आपण कॉलर ताठ करून सांगतो. मग पुढची पायरी आपण का गाठू नये? शिवाय २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. तेव्हा कचरा किती होईल ते वेगळं सांगायला नको.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तर्री_वेगळी | सोमवार, रात्री १०:३१

मिसळीची उरलेली तर्री टाकली तर गाडी पांडवलेणीचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये चढेल का? 😀

सातपूरचा_फिटर | सोमवार, रात्री ११:०५

तर्रीभाऊ, हसण्यावारी नेऊ नका. तेला-तुपाच्या खरकट्यातून भाजीच्या देठांपेक्षा कितीतरी जास्त गॅस निघतो. फक्त एकदम ओतलं की बायोगॅसच्या टाकीतले जिवाणू गुदमरतात. थोडं थोडं द्यायचं, बाळाला वरण-भात देतात तसं.

धागाकर्त्यांना: डेपोतून जो गॅस निघतो तो निम्मा मिथेन आणि जवळजवळ निम्मा कार्बन डायऑक्साइड असतो. गाडीत भरायचा तर आपल्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १६०८७) मिथेन किमान ९० टक्के लागतो. म्हणजे कार्बन डायऑक्साइड काढायचा, पाणी काढायचं, हायड्रोजन सल्फाइड काढायचा. सडक्या अंड्याचा वास येतो ना, तोच. तो राहिला तर पितळ, तांबं, बेअरिंग, सगळं खातो. मग २०० बारपर्यंत दाबून सिलिंडरमध्ये भरायचा. ही सगळी यंत्रं आपल्याकडे मिळतात, त्यात जादू काही नाही.

खरी डोकेदुखी वेगळीच. डेपोच्या गॅसमध्ये सिलोक्सेन येतात. शॅम्पू, क्रीम, डिओ यातलं जे सिलिकॉन असतं ते डब्या-बाटल्यांना चिकटून डेपोत जातं आणि वाफ होऊन गॅसबरोबर वर येतं. इंजिनात जळलं की त्याची वाळू होते. अक्षरशः वाळू. एका ठिकाणी (नाव घेत नाही) अशा गॅसवर चालणारं इंजिन मी स्वतः उघडलंय. प्लगवर पांढरी पूड बसलेली, बोटावर घेऊन चोळली तर काचेच्या चुऱ्यासारखी करकरत होती. सिलिंडरला आतून उभे ओरखडे. मालक म्हणत होता, ऑइल निकृष्ट निघालं. म्हटलं साहेब, ऑइलचा दोष नाही, हा तुमच्या अख्ख्या गावाचा शॅम्पू आहे.

नुसत्या ओल्या कचऱ्याचा बंद टाकीत गॅस केला तर ही भानगड जवळजवळ नसते. त्यामुळे डोंगरातला गॅस आणि टाकीतला गॅस यात गल्लत करू नका.

पाथर्डी_फाटा | मंगळवार, सकाळी ७:४८

फिटरभाऊंशी सहमत. गल्लत तिथेच होते आहे.

मी फाट्यावर राहतो. ज्येष्ठात वारा फिरला की खिडक्या लावून घेतो, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा आहे. आल्टामाँटसारखा डोंगर हा गॅस धरता येईल असा रचलेला असतो. खाली अस्तर, वर माती, मध्ये पाइप. आपल्याकडचे बहुतेक गावांचे ढीग म्हणजे नुसते ओतलेले. वरून उघडे, बाजूने उघडे. त्यात पाइप खुपसून ब्लोअर लावला तर गॅसपेक्षा बाहेरची हवाच आत ओढली जाईल. हवा आत गेली की मिथेन तयार होणं थांबतं आणि ढीग आतून तापायला लागतो. देवनारच्या कचरा डेपोला २०१६ च्या जानेवारीत आग लागली तेव्हा मुंबईवर किती दिवस धूर होता आठवतं ना? ढिगाला आग लागली की ती विझवणं म्हणजे काय असतं ते तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

दुसरं. अन्न लवकर कुजतं, कागद-लाकूड सावकाश. अमेरिकेच्या डेपोत कागद, पुठ्ठा, लाकूड भरपूर, म्हणून वर्षानुवर्षं गॅस मिळत राहतो. आपल्या कचऱ्यात भाजी, साली, शिळं अन्न. ढीग बंद करून, झाकून, पाइप घालेपर्यंत त्यातला बराचसा गॅस आधीच उडून गेलेला असतो. मुंबईत गोराईचा डेपो शास्त्रीय पद्धतीने झाकला, गॅस गोळा केला आणि जाळला. तेवढंसुद्धा चांगलंच म्हणायचं, कारण मिथेन तसाच सुटला तर १०० वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास २८ पट तापवतो.

तिसरं आणि महत्त्वाचं. घनकचरा नियमांप्रमाणे कुजणारा कचरा डेपोत जायलाच नको. त्याचं खत करा नाहीतर गॅस करा. म्हणजे आपण नियम पाळला तर भविष्यात डोंगरातून गॅस निघणारच नाही! डेपोच्या गॅसवर गाड्या चालवायचं स्वप्न म्हणजे आपण नियम मोडत राहू हे गृहीत धरून केलेली योजना.

गोदाकाठ | मंगळवार, सकाळी ९:२०

हे शेवटचं वाक्य जिव्हारी लागलं, पण पटलं. म्हणजे प्रश्न असा बदलतो: डोंगर विसरा, रोज गोळा होणारा ओला कचरा बंद टाकीत कुजवून त्यावर घंटागाडी चालेल का?

शेवग्याची_शेंग | मंगळवार, सकाळी १०:०२

चालेल काय, आपल्याकडे अर्धा रस्ता आधीच झालाय. विल्होळीला जर्मन सरकारच्या जीआयझेड या संस्थेच्या मदतीने प्रकल्प उभा राहिला होता, २०१७ मध्ये. हॉटेलांचा ओला कचरा आणि सार्वजनिक शौचालयांचा मैला एकत्र कुजवायचा आणि त्या गॅसवर वीज करायची. दिवसाला ३,३०० युनिटची क्षमता. दोन्ही एकत्र कुजवण्यात अर्थ आहे. नुसतं खरकटं आंबट होतं, मैला ते सावरून धरतो. पण तिथे गॅसची वीज करायची होती, गाडीचं इंधन नाही.

इंदूरला मात्र इंधनच करतात. देवगुराडियाचा प्रकल्प, फेब्रुवारी २०२२ मध्ये पंतप्रधानांनी उद्घाटन केलं. क्षमता रोज ५५० टन ओला कचरा, त्यातून साधारण १७,००० किलो बायो-सीएनजी. त्यावर शहराच्या बस चालवायचा बेत. आणि आपल्या सिटीलिंकच्या (शहर बससेवेच्या) बहुतेक बसही सीएनजीच्याच आहेत, हे विसरू नका.

हिशेबनीस | मंगळवार, दुपारी १:१५

आकडे आले की मला राहवत नाही.

इंदूरचे १७,००० भागिले ५५० म्हणजे टनाला ३१ किलो गॅस. तिथे कचरा चांगला वेगळा होऊन येतो हे लक्षात ठेवा.

आता आपली छोटी घंटागाडी. माझे अंदाज आहेत, चुकत असतील तर सांगा. दिवसाला दोन खेपा, मिळून दीड टन. त्यातला निम्मा ओला धरला तर ७५० किलो. त्याचा गॅस झाला २३ किलो. गाडी दिवसाला ५० किलोमीटर फिरते, दारोदारी थांबत जाते म्हणून किलोला १० किलोमीटरच धरू. लागला ५ किलो.

म्हणजे गाडी स्वतःला लागतं त्याच्या साडेचार पट इंधन रोज स्वतःच वाहून आणते. आणि ते ओतून, पंपावर रांगेत उभी राहून दुसरं विकत घेते.

मी हे दोनदा तपासलं. अंदाज निम्म्याने चुकले तरी गाडी नफ्यातच.

तर्री_वेगळी | मंगळवार, दुपारी १:२२

म्हणजे डोक्यावर गुळाची ढेप आणि चहा बिनसाखरेचा.

कॉलेजरोडची_काकू | मंगळवार, दुपारी ३:४०

हिशेबनीस, तुमचा हिशेब कागदावर बरोबर आहे. आता आमच्या सोसायटीचा ऐका.

आमच्याकडे रोज १०० किलोच्या वर कचरा होतो, म्हणजे नियमाप्रमाणे आम्ही मोठे कचराकर्ते. त्यामुळे चार वर्षांपूर्वी एका पुरवठादाराकडून (नाव लिहीत नाही, भांडण अजून मिटलेलं नाही) बायोगॅसचा छोटा संच बसवला. उद्घाटनाला नारळ, पेढे, क्लबहाउसच्या शेगडीवर चहा. निळी सुंदर ज्योत. मी स्वतः फोटो काढलेत.

तीन महिने झकास चाललं. मग लोणच्याचा मोसम आला. प्रत्येक घरातून पिळलेली लिंबं, कैरीच्या कोया, जुन्या लोणच्याच्या बरण्या रिकाम्या करून खार. त्यात संत्र्यांची साल. एक दिवस झाकण उघडलं तर आंबलेल्या ताकासारखा वास. पीएच बघायची पट्टी बुडवली ती थेट लालसर. ज्योत फडफडून विझायची. पुरवठादाराला फोन केला तर म्हणे, वॉरंटीत 'अयोग्य खाद्य' बसत नाही. अयोग्य खाद्य! टाकी म्हणजे काय पाहुणे आहेत?

त्यात जो मुलगा ते सांभाळायचा तो जास्त पगारावर अंबडच्या कंपनीत गेला. त्याचं काही चुकलं नाही. पण त्याच्या जागी आलेल्याला कुणी काही शिकवलंच नाही. आता त्या टाकीवर मुलं क्रिकेटचे स्टंप आखतात.

म्हणून सांगते, यंत्र येतं हो. रोज बघणारं माणूस कुठून आणणार ते आधी ठरवा.

निफाडकर | मंगळवार, रात्री ८:३०

काकू, टाकी आंबली की खाणं बंद ठेवायचं आठ-दहा दिवस. चुन्याची निवळी थोडी थोडी आणि गोठ्यातलं ताजं शेण कालवून. परत उठते. आमच्या वावरात ३० वर्षांपासून गोबरगॅस आहे, लोखंडी टोपीवाला. दोनदा आंबला, दोनदा उठला. जनावरासारखंच आहे ते. पोट बिघडलं तर लंघन.

अजून एक कुणी बोललं नाही. थंडी. हे जिवाणू ३५-३७ अंशांला खुशीत असतात. आमच्या निफाडला डिसेंबरात पहाटे पारा ५-६ वर येतो, द्राक्षांच्या बागेत शेकोट्या पेटवतो आम्ही. त्या महिन्यात गॅस निम्मा. आई टोपीवर गोणपाटं अंथरायची. शहराच्या प्रकल्पाला टाकी गरम ठेवावीच लागणार, तो खर्च धरा.

आणि टाकीतून जी स्लरी (पातळ गाळ) निघते तिला गिऱ्हाईक शेतकरीच आहे. पण त्यात काच न् प्लास्टिकचे तुकडे आले तर एकदा नेईल, परत नाही येणार. मागं एका ठिकाणाहून शहरी खत आणलं होतं. वांग्याच्या वाफ्यात शाम्पूच्या पुड्या उगवल्या.

बॅटरीवाला | मंगळवार, रात्री ९:१७

सगळ्यांची क्षमा मागून विरुद्ध बाजू मांडतो. गॅस गाडीत भरायचाच कशाला?

एक घनमीटर कच्च्या बायोगॅसमध्ये ६० टक्के मिथेन धरला तर त्यातून सुमारे ६ युनिट उष्णता. चांगल्या जनरेटरवर त्याची २ युनिट वीज होते. छोटी इलेक्ट्रिक घंटागाडी युनिटला ५ किलोमीटर गेली तर १० किलोमीटर. चार्जिंगमधली गळती काढा, ८ म्हणा. तोच घनमीटर शुद्ध करून सीएनजी केला तर ४२० ग्रॅम. हिशेबनीसांच्या दराने ४ किलोमीटर. वर शुद्ध करायला आणि दाबायला वीज लागते ती वेगळी.

दारोदारी थांबणाऱ्या गाडीला तर इलेक्ट्रिकच योग्य. उभी असताना इंजिन धडधडत नाही, सकाळी सहाला कॉलनी जागी होत नाही.

हिशेबनीस | मंगळवार, रात्री ९:४४

च्यायला. बरोबर आहे. माझ्याच दराने मला हरवलंत.

सातपूरचा_फिटर | मंगळवार, रात्री ११:२०

बॅटरीवाले, हिशेब मान्य, पण दोन गोष्टी. उष्णतेची ३५ टक्के वीज करणारा जनरेटर मोठा असतो. लहान घेतलात तर ३० सुद्धा मुश्किल. आणि आज रस्त्यावर ज्या सीएनजीच्या गाड्या-बस आहेत त्या काय मोडीत घालणार? गॅस नळाने किंवा सिलिंडरने कुठेही नेता येतो. आपल्याकडे एमएनजीएल या गॅस कंपनीचं जाळं आहेच. जास्त झाला तर त्यांना विका. २०१८ पासून केंद्राची 'सतत' योजना त्याचसाठी आहे, तेल कंपन्यांनी असा गॅस विकत घ्यायचा म्हणून.

तुमच्या बाजूने मात्र एक मुद्दा मीच देतो. जनरेटरच्या धुराची आणि पाण्याची उष्णता फुकट मिळते. निफाडकरांची गोणपाटं वाचतील.

मोठे कॉम्पॅक्टर (कचरा दाबून नेणारे ट्रक) गॅसवर, छोट्या गाड्या बॅटरीवर, असंही करता येईल. एकच काहीतरी निवडायला आपण काय स्वयंवराला बसलोय का?

घंटेचा_पोरगा | बुधवार, पहाटे ५:५०

वाचतोय दोन दिवस. माझे वडील १४ वर्षं घंटागाडीवर होते. आधी मागे उभे राहायचे, नंतर चालवायला लागले.

तुम्ही सगळे ओला कचरा ओला कचरा म्हणताय. गाडीला दोन कप्पे असतात हे खरं. पण लोक एकच पिशवी देतात, गाठ मारलेली. वडील ती गाठ सोडायचे. नखाने. कारण फाडली तर सांडते आणि सांडलं की वरच्या मजल्यावरून ओरडतात. आत वरण, ब्लेड, डायपर, बल्ब, कोथिंबिरीच्या काड्या, वर्तमानपत्रात न गुंडाळता टाकलेलं पॅड. एका दारात त्यांना जेमतेम अर्धं मिनिट मिळायचं. पुढे गाडी हळूहळू सरकतच असते. अर्ध्या मिनिटात काय काय वेगळं करणार?

त्यांच्या उजव्या तळहातावर सुरीच्या पातीसारखा एक पांढरा वण आहे. तुटलेल्या काचेच्या ग्लासचा. त्यानंतर ठेकेदाराने हातमोजे दिले. एक जोड. तो ओला झाला की दुसऱ्या दिवशीपर्यंत वाळत नसे, म्हणून घालत नसत.

गॅस होवो की वीज, तो पहिल्यांदा त्या अर्ध्या मिनिटात होणार किंवा बिघडणार. फिटरकाकांचं इंजिन नंतर.

कॉलेजरोडची_काकू | बुधवार, सकाळी ८:१०

दादा, तुमचा प्रतिसाद आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आहे, नाव न देता. चालेल ना?

घंटेचा_पोरगा | बुधवार, सकाळी ८:३३

टाका काकू.

पाथर्डी_फाटा | बुधवार, सकाळी ११:०५

वरच्या प्रतिसादानंतर तांत्रिक बोलायला लाज वाटते, तरी एक. सुरुवात घरांपासून न करता जिथे कचरा आपोआपच वेगळा असतो तिथून करावी. पंचवटीचं मार्केट यार्ड, भाजीबाजार, मंगल कार्यालयं, मोठी हॉटेलं, मिसळवाले. पालेभाजीचा टाकाऊ भाग आणि उरलेलं अन्न, बस्स. त्यात ब्लेड नाही, डायपर नाही. त्या फेरीच्या पाच-दहा गाड्या आधी स्वतःच्या गॅसवर चालवून दाखवा. घराघराचं नंतर.

तर्री_वेगळी | बुधवार, दुपारी १२:१९

म्हणजे माझ्या पहिल्या प्रतिसादावरच आलात शेवटी सगळे. मानधन कळवतो.

गोदाकाठ | पुढचा बुधवार, रात्री ९:०५

धागा वर काढतोय. आठवडाभर एक उद्योग केला.

आमच्या इंदिरानगरच्या इमारतीत ४२ फ्लॅट. भंगारवाल्याकडून काटा आणला, तोच तो लोंबता, आकड्याचा. गुरुवार ते बुधवार रोज सकाळी घंटागाडी यायच्या आधी ओल्या कचऱ्याच्या बादल्या मोजल्या. पहिल्या दिवशी वॉचमनला वाटलं मी रद्दी विकतोय. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या आजी स्वतः बादली घेऊन खाली आल्या, 'माझं किती भरलं बघ' म्हणून.

सरासरी दिवसाला ३५ किलो. हातमोजे घालून (दोन जोड घेतले) त्यातलं जे ओलं नव्हतं ते बाजूला काढलं: दुधाच्या पिशव्या, एक चमचा, औषधाच्या पट्ट्या, एका दिवशी चक्क मोबाइलचा चार्जर. ते रोज ४ किलोच्या आसपास. राहिला ३१.

इंदूरच्या हिशेबाने ३१ किलोचा गॅस साधारण एक किलो. म्हणजे आमच्या ४२ घरांच्या कचऱ्यावर घंटागाडी १० किलोमीटर जाते. आमच्या गेटपासून खतप्रकल्प त्यापेक्षा कितीतरी जवळ आहे.

वीस मिनिटं लागली रोज ते वेगळं करायला, मला एकट्याला, सावलीत, घाई नसताना. घंटेचा_पोरगा यांचं अर्धं मिनिट तेव्हा समजलं.

निफाडकर | पुढचा बुधवार, रात्री ९:४१

शाब्बास. पण नारळाच्या करवंट्या आणि शेंड्या वजनात धरल्या का? त्या टाकीत कुजत नाहीत, नुसत्या वर तरंगतात.

गोदाकाठ | पुढचा बुधवार, रात्री ९:५८

धरल्या होत्या. मंगळवारच्या एकाच बादलीत सहा निघाल्या. उद्यापासून परत मोजतो.